पंचेचाळीस वर्षांत न विरलेलं गाणं

थोरल्या भाच्याच्या लग्नाची वरात मार्गशीर्षात सोलापूरच्या पूर्व भागातून निघाली होती. पुढं हलगीवाले, मधे बँड, मागं गाडीवर कीबोर्ड आणि त्याचे कर्णे. कन्ना चौकाजवळ बँडमास्तरांनी हात वर केला, चालू गाणं थांबलं आणि मोठ्या ढोलावर नुसते चार ठोके पडले. धम्, धम्, धम्, धम्. पाचव्या ठोक्याला कीबोर्डवर ‘आप जैसा कोई’ची चाल उमटली. गुडघे दुखतात म्हणून रिक्षातच बसून राहिलेली माझी मावशी खाली उतरली आणि टाळ्या वाजवत पोरींच्या घोळक्यात शिरली. तिला सगळं गाणं पाठ. एकोणीस वर्षांचा धाकटा भाचा माझ्याकडं वळला. “मामा, आजीला हे कसं काय येतंय? हे नव्या पिक्चरमधलं गाणं हाय की!”

त्यानं ते मोबाइलवरच्या रीलमध्ये ऐकलं होतं. मावशीनं १९८० साली ऐकलं होतं. आणि हलगी वाजवणारं पोरगं दर लग्नसराईत वाजवतं म्हणून त्याला माहीत होतं. तिघांच्या वयात पन्नास वर्षांचं अंतर, पण पाय एकाच ठेक्यावर पडत होते.

भाच्याला तिथं गर्दीत काय सांगणार? घरी आल्यावर सांगायला बसलो तर विषय वाढत गेला. एखादं गाणं पंचेचाळीस वर्षं टिकतं म्हणजे नक्की काय होतं? चाल चांगली असते म्हणून, की लोकांच्या आठवणी त्यात अडकलेल्या असतात म्हणून, की कंपन्या ते पुन्हा पुन्हा विकतात म्हणून? थोडं थोडं सगळंच खरं आहे. पण माझ्या मते खरं उत्तर त्या गाण्याच्या विणीत आहे, आणि विणीची गोष्ट सोलापूरकराला समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत.

गाणं आलं कुठून?

१९८० साली फिरोज खान यांचा ‘कुर्बानी’ आला. फिरोज खान दिग्दर्शक, निर्माते आणि नायकही. सोबत विनोद खन्ना आणि झीनत अमान. बाकीचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, हे एकच गाणं बाहेरून आणलेलं. शब्द इंदीवर यांचे, चाल लंडनमध्ये राहणाऱ्या बिद्दू यांची आणि आवाज नाझिया हसनचा. पडद्यावर लाल पोशाखातली झीनत अमान गाते, त्यामुळं अनेकांना अजूनही ते ‘झीनतचं गाणं’ वाटतं.

बिद्दू म्हणजे बिद्दू अप्पय्या. जन्म बेंगळूरूचा, म्हणजे सोलापूरवरून उद्यान एक्स्प्रेस धरली की दुसऱ्या दिवशी सकाळी उतरतो त्या गावचा. तरुणपणी तिथल्या बँडमध्ये इंग्रजी गाणी वाजवणारा हा मुलगा साठच्या दशकात जमिनीच्या मार्गानं, मिळेल त्या वाहनानं, मध्यपूर्वेतून थेट इंग्लंडला पोचला. ओळखपाळख काही नाही. पोटासाठी पडेल ते काम केलं आणि वाचवलेल्या पैशातून ध्वनिमुद्रणाचे तास विकत घेतले.

१९७४ साली कार्ल डग्लस या गायकाबरोबर ते एक गाणं करत होते. त्या काळी एका तबकडीला दोन बाजू असायच्या. पुढची बाजू विकायची आणि मागच्या बाजूला काहीतरी भरायचं. मागच्या बाजूसाठी ‘कुंग फू फायटिंग’ नावाचं गाणं स्टुडिओच्या उरलेल्या वेळात घाईघाईनं उरकलं. कंपनीच्या माणसानं ते ऐकलं आणि सांगितलं, हेच पुढं घ्या. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडं ते पहिल्या क्रमांकावर गेलं. १९७६ मध्ये टीना चार्ल्सचं बिद्दूंनीच घडवलेलं आणखी एक गाणं ब्रिटनमध्ये अव्वल ठरलं. म्हणजे ‘कुर्बानी’साठी फिरोज खान लंडनला त्यांच्याकडं गेले, तेव्हा तो माणूस डिस्कोच्या धंद्यात मुरलेला होता. हिंदी सिनेमाशी मात्र त्यांचा काही संबंध नव्हता. आईला अभिमान वाटेल, असं म्हणून फिरोज खान यांनी त्यांना तयार केलं, हा किस्सा बिद्दूंनीच सांगितलेला आहे.

आणि नाझिया? जन्म कराचीचा, ३ एप्रिल १९६५. लंडनमध्ये राहणारी शाळकरी मुलगी. फिरोज खान यांना ती तिथल्याच एका घरगुती कार्यक्रमात भेटली, तिचा आवाज त्यांना वेगळा वाटला आणि त्यांनी तिला बिद्दूंकडं पाठवलं. गाणं झालं तेव्हा ती पंधरा वर्षांच्या आसपासची होती. त्या गाण्यासाठी तिला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचं फिल्मफेअर मिळालं, आणि एवढ्या लहान वयात ते कुणालाच मिळालं नव्हतं.

डिस्को म्हणजे काय, ते मागाकडून ऐकू

माझे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. कारखान्यात टेपरेकॉर्डर लावून उपयोग नसायचा, खडखडाटात शेजारचा माणूससुद्धा ऐकू येत नाही. मी डबा घेऊन जायचो तेव्हा वडिलांचे ओठ हलताना दिसायचे. जवळ गेलं की कळायचं, ते गातायत. मागाचा ठोकाच ते ठेका म्हणून घ्यायचे. धोटा डावीकडून उजवीकडं गेला, फणी आपटली, धोटा परतला, फणी आपटली. ठक, ठक, ठक, ठक. एकही ठोका मोठा नाही, एकही लहान नाही. जुन्या साध्या मागावर धोटा मिनिटाला शंभर-सव्वाशे फेऱ्या मारतो.

डिस्कोचा गाभा हाच आहे. चार मात्रांच्या प्रत्येक मात्रेवर मोठ्या ढोलाचा सारखाच ठोका आणि वेग मिनिटाला साधारण ११० ते १३० ठोके. आपल्याकडच्या केरव्यात किंवा दादऱ्यात सम असते, खाली असते, ठेक्याला चढउतार असतो. तो चढउतार ऐकायला कान तयार लागतो. डिस्कोत सगळेच ठोके सारखे, त्यामुळं कुठूनही आत शिरा, पाय चुकत नाही. माणूस झपझप चालतो तेव्हा मिनिटाला सव्वाशेच्या आतबाहेर पावलं पडतात, हेही लक्षात घ्या. लेझीम खेळलेल्या सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको. एकसारखा ठेका पडला की हात-पाय आपोआप रांगेत येतात.

हा प्रकार अमेरिकेत सत्तरच्या दशकात वाढला. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा शहरांतल्या नाचघरांत, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिन वस्त्यांतल्या लोकांमध्ये. गंमत बघा, ‘कुर्बानी’ येण्याच्या जेमतेम वर्षभर आधी, १२ जुलै १९७९ रोजी, शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवला होता. हजारो लोक मैदानात घुसले, पुढचा सामनाच रद्द झाला. तिकडं ज्या संगीताचं दहन चाललं होतं, ते इकडं नुकतं जन्माला येत होतं. एका गावात जुना झालेला नमुना दुसऱ्या गावात सणाला नेसतात, तसं काहीसं.

चोवीस ट्रॅक म्हणजे चोवीस धागे

आता एकच तांत्रिक शब्द: ट्रॅक. ध्वनिमुद्रणाच्या रुंद फितीवर शेजारीशेजारी पट्टे असतात. एका पट्ट्यावर फक्त ढोल, दुसऱ्यावर फक्त बेस गिटार (खालच्या, जाड सुरांची), तिसऱ्यावर फक्त गायिकेचा आवाज. या एकेका पट्ट्याला ट्रॅक म्हणतात.

त्या काळी मुंबईत सिनेमाचं गाणं बहुतेक वेळा एकत्रच वाजवून मुद्रित व्हायचं. मोठा हॉल, व्हायोलिनवाले, तालवाले, गायक, सगळे एकाच वेळी. कुणी एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्यातून जो एकजीवपणा यायचा त्याला तोड नाही, हे मी मनापासून म्हणतो. पण एकदा मुद्रण झालं की त्यातला एकटा ढोल काढून दाखवा म्हटलं तर निघत नसे. सगळे रंग एकत्र कालवून रंगवलेल्या कापडासारखं ते.

लंडनच्या स्टुडिओंत तोवर चोवीस ट्रॅकची यंत्रं रुळली होती. ढोल आज घ्या, बेस उद्या घ्या, आवाज परवा घ्या, मग प्रत्येकाचा जोर कमीजास्त करून शेवटी एकत्र विणा. सोलापुरी चादरीत लाल धागा लाल राहतो, पांढरा पांढरा राहतो, आणि दोघांच्या गुंफणीतून मोर उमटतो. धागे एकमेकांत मिसळत नाहीत, शेजारी राहतात. ‘आप जैसा कोई’ हेडफोन लावून ऐकलं की हेच जाणवतं. ढोल वेगळा, त्याखाली सरपटणारा बेस वेगळा, आणि मधे भरपूर मोकळी जागा. त्या जागेत नाझियाचा आवाज येतो, तोही स्वतःवरच स्वतः चढवल्यासारखा, किंचित घुमणारा. एकच गायिका तेच वाक्य दोनदा गाते आणि दोन्ही ट्रॅक एकावर एक ठेवले जातात, तेव्हा असा दाटपणा येतो. दुपदरी चादरीला जो जाडपणा असतो, तोच.

सिनेमाच्या संगीताला सरावलेल्या कानांना १९८० साली हे सगळं धक्का देणारं होतं. मावशी सांगते, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आवाज कर्ण्यातून नाही, कानाजवळून आल्यासारखा वाटला होता. तिला ट्रॅक वगैरे शब्द माहीत नाहीत. पण तिनं नेमकं तेच सांगितलं.

पण तिचा आवाज शिकलेला नव्हता ना?

हा आक्षेप तेव्हाही होता, आजही जाणकार घेतात. लताबाई-आशाताईंच्या काळात, जिथं प्रत्येक हरकत तोलून घेतली जायची, तिथं नाकातून येणारा, सपाट, फारशी तान-मुरकी नसलेला हा मुलीचा आवाज कशाला?

आक्षेप खोटा नाही. नाझिया शास्त्रीय गाणं शिकलेली गायिका नव्हती आणि तशी असल्याचा आव तिनं कधी आणला नाही. पण प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारला जातोय. ठुमरीत गळा हाच कशिदा असतो, त्याच्यासाठी बाकी सगळं मागं सरकतं. डिस्कोत ठेका हा पाया आणि आवाज हा त्यातला एक धागा. त्या धाग्यानं गुंतागुंत केली तर वीण बिघडते. सरळ, अंगात न आणता गायलेलं वाक्य तिथं शोभून दिसतं. शिवाय असं गाणं कुणालाही गाता येतं. आशाताईंचं गाणं वरातीत गायला धीर लागतो. हे गाणं मावशी दहा जणींत मोठ्यानं गाते आणि तिला आपण बेसूर आहोत असं एकदाही वाटत नाही. गाणं लोकांच्या तोंडी राहण्यात या गोष्टीचा वाटा फार मोठा आहे, आणि समीक्षेत तो क्वचित मोजला जातो.

डोक्यात अडकतं ते कसं?

जॅकार्ड माग ज्यांनी पाहिलाय त्यांना छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ आठवेल. एकेक पुठ्ठा पुढं सरकतो, कुठले धागे उचलायचे ते ठरवतो, माळ संपली की पहिला पुठ्ठा परत येतो. म्हणून चादरभर तोच मोर पुन्हा पुन्हा उमटतो.

पॉप गाण्यातही अशी माळ असते. त्यातला जो तुकडा सतत परत येतो आणि ऐकणाऱ्याला पकडून ठेवतो, त्याला हुक म्हणतात, गळाचा आकडा. इथं तो ‘बात बन जाए’ या तीन शब्दांचा आहे. इंदीवर यांनी निवडलेले शब्द बघा. उर्दूची जड ओढणी नाही, काव्याचा सोस नाही. ‘बात बन जाए’ हे हिंदी न येणाऱ्या माणसालाही कळतं. आमच्या गल्लीत घरात तेलुगू, शेजारी कन्नड, दुकानात मराठी, सिनेमाला हिंदी. तिथं हे तीन शब्द कुठल्याच दारात अडले नाहीत.

नकळत मनात वाजत राहणाऱ्या गाण्यांवर डरहॅम विद्यापीठातल्या केली जाकुबोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे तीन हजार लोकांना विचारलं, तुमच्या डोक्यात कुठली गाणी अडकतात? त्यांना आढळलं ते असं: अडकणारी गाणी तुलनेनं वेगवान असतात, त्यांच्या चालीचा चढउतार ओळखीचा, सोपा असतो, आणि त्या ओळखीच्या वाटेत कुठेतरी एखादी अनपेक्षित उडी किंवा पुनरावृत्ती असते. सगळंच ओळखीचं असेल तर मन झोपतं. सगळंच नवं असेल तर मन थकतं. ओळखीच्या गल्लीत एक नवं दार दिसलं की पाय थांबतो.

वाजतं म्हणून आवडतं, की आवडतं म्हणून वाजतं?

भाच्यानं हा प्रश्न अचूक विचारला. कंपन्यांनी कानावर आपटलं म्हणूनच टिकलं ना?

यात तथ्य आहे. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली, तरी ती आपल्याला हळूहळू बरी वाटू लागते. त्यानं लोकांना अर्थ न कळणारी चिन्हं दाखवली, जी जास्त वेळा दाखवली ती जास्त आवडली. गाण्याचंही तसंच. ‘कुर्बानी’च्या पाठोपाठ भारतात कॅसेटचा काळ आला. तबकडी श्रीमंताची होती, कॅसेट सगळ्यांची झाली. चहाच्या टपरीवर, रसवंतीगृहात, एसटी स्टँडसमोरच्या दुकानात, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याशेजारी. सिद्धेश्वराच्या यात्रेत एका टोकाला मौत का कुआं आणि दुसऱ्या टोकाला भाग्यश्री वडा शोधत फिरताना हीच चाल चार दुकानांतून एकाच वेळी ऐकल्याचं मला स्पष्ट आठवतं, प्रत्येक टेप थोडी पुढंमागं.

दुसरी गोष्ट वयाची. माणसाला पन्नाशी-साठीत मागं वळून पाहायला सांगितलं, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात दाट निघतात. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, घर सोडणं, सगळं त्याच काळातलं. त्या काळात जे गाणं वाजत होतं ते त्या आठवणींना चिकटून बसतं. मावशी रिक्षातून उतरली तेव्हा तिच्यासाठी ती वरात नव्हतीच. ती वीस वर्षांची होती आणि मैत्रिणींबरोबर दुपारच्या खेळाला गेली होती.

पण वारंवार वाजवून आणि आठवणींच्या जोरावर एवढंच होत असतं, तर त्या वर्षी तेवढ्याच जोरानं वाजलेली बाकीची शेकडो गाणीही टिकली असती. आणि भाच्याला तर १९८०ची आठवणच नाही, तरी त्याचे पाय हलले. म्हणून मी पुन्हा विणीकडं येतो.

ताणा तोच, बाणा नवा

कापडात उभे धागे म्हणजे ताणा. तो बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, आधी ताणून बसवलेला असतो. आडवा धागा म्हणजे बाणा, तो धोट्यातून येतो. एकाच ताण्यावर बाणा बदलला की वेगळी चादर निघते.

‘आप जैसा कोई’चा ताणा तीन गोष्टींचा: चार सारखे ठोके, बेसची ओळ आणि ‘बात बन जाए’. एवढं शाबूत ठेवा आणि वर काहीही विणा, गाणं ओळखू येतं. सनईनं वाजवा, बेंजोवर वाजवा, हलगीच्या कडकडाटात वाजवा, ऑर्केस्ट्रात पुरुषाच्या आवाजात गा. उलट, त्याच काळातली कितीतरी उत्तम गाणी त्यांच्या पन्नास वादकांच्या मेळाशिवाय उभीच राहत नाहीत. बँडमध्ये ती वाजवली की शंभरातलं तीस उरतं. या गाण्यातलं नव्वद उरतं, कारण मुळात धागे थोडे आणि सुटे आहेत.

२०२२ मध्ये ‘अ‍ॅन अ‍ॅक्शन हीरो’ या चित्रपटात तनिष्क बागची यांनी ते पुन्हा केलं, झहरा खान आणि अल्तमश फरीदी यांच्या आवाजात, पडद्यावर मलायका अरोरा. भाच्याला माहीत असलेलं ‘नवं पिक्चर’ ते हे. २०२५ मध्ये तर गाण्याच्या या पहिल्या शब्दांचं नावच एका चित्रपटाला दिलं गेलं, आर. माधवन आणि फातिमा सना शेख यांच्या.

नव्या आवृत्त्यांनी जुनं गाणं मरतं का? मला तसं वाटत नाही. माझी तक्रार निराळी आहे. आजच्या आवृत्तीत ती मोकळी जागा भरून टाकतात. प्रत्येक ठोक्यामागं आणखी एक आवाज, प्रत्येक श्वासात एखादी फुंकर. ताणा दिसेनासा होतो. मुळातलं गाणं ऐका आणि मग नवं ऐका, नवं ऐकताना दोन मिनिटांत कान दमतो. जुनं गाणं संपलं तरी आणखी एकदा लावावंसं वाटतं. भाच्याला मी दोन्ही लागोपाठ ऐकवली. मुळातलं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, “मामा, ह्यात काहीच नाही आणि तरी सगळं हाय.” मला याहून नीट सांगता आलं नसतं.

वरातीत वाजवलं तर पैसे द्यायचे का?

हा प्रश्न बँडमास्तरांचा. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की गाणं वाजवलं तर नोटीस येते. ते घाबरले होते, म्हणून थोडं सविस्तर.

एका गाण्यावर एक नाही, तीन मालकी हक्क असतात. शेत एकच आणि सातबाऱ्यावर तीन नावं, असं समजा. शब्दांचा हक्क, चालीचा हक्क आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा हक्क. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं. मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. म्हणजे १९८०चं मूळ ध्वनिमुद्रण २०४० संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीचं आहे. इंदीवर १९९७ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांचा हक्क २०५७ अखेरपर्यंत.

या हक्काचे पैसे कुणाला? १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असा निकाल दिला की सिनेमासाठी लिहून-बांधून घेतलेल्या गाण्याचा मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता. गीतकार-संगीतकारांच्या हाती एकदाचे पैसे पडायचे आणि विषय संपायचा. चादर विकली, आता विणकराचा काय संबंध, तसं. २०१२ साली कायदा बदलला. सिनेमागृहाबाहेर गाणं वापरलं गेलं तर त्या मोबदल्यात गीतकार आणि संगीतकार यांचा वाटा कायम ठेवला आणि तो लिहून देऊन टाकता येणार नाही अशी तरतूद केली. फार उशिरा झालं, पण योग्य झालं.

आता मास्तरांची नोटीस. त्याच कायद्यात कलम ५२ मध्ये सूट आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत संगीत वाजवणं हे हक्कभंग धरलं जात नाही, आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक समारंभ यांचा नाव घेऊन उल्लेख केलेला आहे. वरातीत बँड वाजला म्हणून कुणी पैसे मागू शकत नाही. हॉटेलात रोज वाजवणं, तिकीट लावून कार्यक्रम करणं ही गोष्ट वेगळी, तिथं परवाना लागतो. मास्तरांना हे कलम मी कागदावर मराठीत लिहून दिलं. त्यांनी घडी घालून वहीत ठेवलं, जिथं ते आगाऊ रकमांच्या नोंदी ठेवतात.

नाझिया आणि बिद्दू पुढं काय करत राहिले?

‘कुर्बानी’नंतर लगेच १९८१ मध्ये नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांचा ‘डिस्को दिवाने’ हा अल्बम आला, संगीत पुन्हा बिद्दूंचं. सिनेमा नाही, नायक-नायिका नाहीत, नुसती गाणी, आणि तरी भारत-पाकिस्तानात दोन्हीकडं तुफान खपली. सिनेमाच्या बाहेर गाणं विकता येतं हे तेव्हा कळलं. नव्वदच्या दशकात आपण ज्याला इंडिपॉप म्हणू लागलो त्याची बैठक इथंच तयार झाली. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयनं गायलेलं ‘मेड इन इंडिया’ही बिद्दूंचंच. ते मुळात नाझियासाठी योजलेलं होतं. पाकिस्तानातल्या आपल्या लोकांना दुखावेल म्हणून तिनं नकार दिला, असं बिद्दूंनी सांगितलं आहे.

नाझियानं पुढं कायद्याचं शिक्षण घेतलं, संयुक्त राष्ट्रांत काम केलं, गाणं हळूहळू सोडलं. १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं ती गेली. वय पस्तीस. आमच्या वरातीत ज्या आवाजावर सगळे नाचले तो आवाज पंधरा वर्षांच्या मुलीचा आहे आणि ती मुलगी आता नाही, हे भाच्याला सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं मोबाइलवर तिचा एक जुना फोटो शोधून आजीला दाखवला.

परवा बँडमास्तरांचे उरलेले पैसे द्यायला गेलो. सराव चालू होता. पत्र्याच्या खोलीत, भिंतीला टांगलेले लाल कोट, कोपऱ्यात ढोल. त्यांचा नातू कीबोर्डवर हेच गाणं बसवत होता आणि मास्तर क्लॅरिनेटवर नाझियाची ओळ वाजवत होते. ओळ संपली, मास्तरांनी श्वास घ्यायला क्लॅरिनेट खाली केली, तेवढ्यात पोरानं त्या रिकाम्या जागेत एक झटपट हरकत घातली. मास्तर थांबले. म्हणाले, “तिथं काय वाजवू नको रे. ती तिथं गप्प हाय.”

पोरानं बोटं उचलली आणि चार ठोके मोजायला लागलं.